‘इम्प्रूव्ह’ : सुधारायचे कोणाला, माणसाला की परिस्थितीला?



आपल्या तरुण मुलामुलींच्या बोलण्यात एक इंग्रजी शब्द आता मराठी शब्दाइतका सहज येतो. इंग्लिश इम्प्रूव्ह करायचे आहे, पर्सनॅलिटी इम्प्रूव्ह करायची आहे, बारावीत मार्क कमी पडले म्हणून इम्प्रूव्हमेंटला बसायचे आहे, कंपनीने इम्प्रूव्हमेंट प्लॅनवर टाकले आहे. शब्द साधा आहे, ऐकायला चांगला आहे. चांगले होण्याला कोण नको म्हणेल?

शब्दकोशात पाहिले तर ‘इम्प्रूव्ह’ म्हणजे सुधारणे, अधिक चांगले करणे. एवढाच अर्थ. पण शब्दकोश तीन गोष्टी सांगत नाही. कोण सुधारणार? काय सुधारणार? आणि सुधारून झाल्यावर फायदा कोणाच्या पदरात पडणार? ज्या समाजाला शेकडो वर्षे ‘सुधारण्या’चा विषय बनवले गेले, त्या समाजातल्या कार्यकर्त्याने हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय हा शब्द स्वीकारू नये, असे माझे म्हणणे आहे. हा इंग्रजीचा तास नाही. या एका शब्दामागे जमीन आहे, घर आहे, शिक्षण आहे, नोकरी आहे. म्हणून तो नीट समजून घेऊ.

नफ्यातून जन्मलेला शब्द

‘इम्प्रूव्ह’ हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला. त्याच्या पोटात ‘प्रू’ हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ फायदा, नफा. सुरुवातीला हा शब्द माणसाच्या स्वभावाबद्दल किंवा अभ्यासाबद्दल नव्हताच. तो जमीनदाराच्या हिशेबाच्या वहीतला शब्द होता. जमिनीतून जास्त उत्पन्न निघेल अशी व्यवस्था करणे म्हणजे जमीन ‘इम्प्रूव्ह’ करणे. ‘चांगले करणे’ हा आज आपल्याला माहीत असलेला अर्थ त्यानंतरचा.

इंग्लंडमध्ये गावोगावी सामाईक जमिनी होत्या. आपल्याकडच्या गायरानासारख्या. गरीब माणूस तिथे आपले जनावर चारायचा, सरपण गोळा करायचा. सोळाव्या शतकापासून अठराव्या-एकोणिसाव्या शतकापर्यंत जमीनदारांनी या जमिनींना कुंपण घातले आणि त्या खासगी करून टाकल्या. पुढे पुढे तर पार्लमेंटने कायदे करून ही कुंपणे पक्की केली. या सगळ्या कारभाराचे नाव काय होते? इम्प्रूव्हमेंट. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात मेंढ्यांसाठी कुळांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या घरांतून हुसकले, त्यालाही जमीनदार इम्प्रूव्हमेंटच म्हणत होते. जमीन सुधारली हे खरेच, उत्पन्न वाढले. फक्त जमिनीवरचा माणूस त्या सुधारणेत बसत नव्हता.

जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने सतराव्या शतकाच्या शेवटी याला सिद्धांताची जोड दिली. जो माणूस आपले श्रम घालून जमीन सुधारतो, तिची मालकी त्याची होते. जी जमीन कोणी सुधारली नाही ती पडीक, वाया गेलेली. हाच विचार पुढे वसाहतवाल्यांना सोयीचा पडला. मूळनिवासींची जमीन ‘सुधारलेली नाही’ म्हणायचे आणि ताब्यात घ्यायची.

आता हा नियम आपल्याकडे लावून पाहा. महाराष्ट्रात गायरानाच्या, पडीक जमिनी कोणी वहिवाटीखाली आणल्या? मराठवाड्यात, खानदेशात, विदर्भात दगडगोटे वेचून, काटेरी झुडपे काढून, हातात बैलजोडी नसताना या जमिनी भूमिहीन दलितांनी आणि आदिवासींनी कसल्या. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९५० च्या दशकात आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, लोकांनी तुरुंग भरले, ते याच जमिनींसाठी. लॉकच्या नियमाने मालकी या लोकांची व्हायला हवी होती. श्रम त्यांचे, सुधारणा त्यांची. पण सातबाऱ्यावर त्यांचे नाव काय? ‘अतिक्रमणधारक’. जमीनदाराने कुंपण घातले तर ती इम्प्रूव्हमेंट आणि भूमिहीनाने पडीक रान फोडले तर ते अतिक्रमण.

ब्रिटिश सरकारने भारतात १८८३ साली जमीन सुधारणेसाठी कर्ज देण्याचा कायदा केला. विहीर खणा, बांध घाला, सरकार तगाई देईल. चांगली गोष्ट. पण जमीन सुधारण्याचे कर्ज मिळणार कोणाला? ज्याच्याकडे जमीन आहे त्याला. तारण कशाचे? जमिनीचे. ज्याला जातीने जमीनच ठेवू दिली नाही, त्याच्यासाठी त्या कायद्यात काही नव्हते. ‘इम्प्रूव्ह’ करायला आधी काहीतरी आपल्या मालकीचे असावे लागते, हा त्या शब्दाचा न लिहिलेला नियम आहे.

बाबासाहेब राहिले त्या चाळीचे नाव

परळच्या पोयबावडीतल्या बीआयटी चाळीचे नाव आपल्याला पाठ आहे. १९१२ पासून सुमारे बावीस वर्षे बाबासाहेबांचे कुटुंब तिथे दोन खोल्यांत राहिले. कोलंबियाला गेले ते तिथून, लंडनहून परतले ते तिथेच. महाडचा सत्याग्रह झाला तेव्हाही घर तेच होते. पण बीआयटी म्हणजे काय, हे विचारले तर अनेकांना सांगता येत नाही. बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. आपला हा शब्द बाबासाहेबांच्या घराच्या पत्त्यातच होता.

हा ट्रस्ट का निघाला? १८९६ साली मांडवी भागात प्लेगची साथ सुरू झाली आणि मुंबई हादरली. गिरण्या ओस पडल्या, व्यापार थांबला, लोक शहर सोडून पळू लागले. सरकारने निदान काढले की रोग गरिबांच्या दाट, अंधाऱ्या वस्त्यांत आहे. १८९८ साली कायदा झाला आणि ट्रस्ट उभा राहिला. पहिली योजना नागपाड्याची होती. वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे, समुद्राची हवा शहरात आणायची, कामगारांसाठी चाळी बांधायच्या, असा कार्यक्रम. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रस्ते त्यातूनच निघाले.

रस्ते झाले, हवा आली. पण पाडलेल्या घरांच्या मानाने कामगारांसाठी नवी घरे उशिरा आणि अपुरी आली. भरपाईचा हिशेब मालमत्तेच्या मालकाशी होता. खोलीत भाड्याने राहणारा माणूस बिऱ्हाड उचलून शेजारच्या तशाच गल्लीत जास्त दाटीने राहायला गेला. उत्तरेला दादर-माटुंग्याकडे याच ट्रस्टने आखीव रस्त्यांचे, झाडांचे, मोकळ्या हवेचे भूखंड पाडले. पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी त्याच योजनेतल्या. म्हणजे एकाच संस्थेच्या एकाच शब्दाचे दोन अर्थ झाले. मध्यमवर्गासाठी इम्प्रूव्हमेंट म्हणजे बागबगिच्याची वसाहत आणि कामगारासाठी इम्प्रूव्हमेंट म्हणजे सामाईक नळ-संडासाच्या चाळीतली एक खोली. बाबासाहेबांनी पुढे हिंदू कॉलनीत राजगृह बांधले आणि ते पुस्तकांसाठी बांधले. चाळीतून त्या कॉलनीपर्यंतचे अंतर त्यांना कोणत्याही ट्रस्टने कापून दिले नव्हते.

१९७१ साली महाराष्ट्राने झोपडपट्ट्यांसाठी कायदा केला. त्याच्या नावात तीन शब्द ओळीने आहेत : सुधारणा, निर्मूलन, पुनर्विकास. या कायद्याचा इतिहास त्याच क्रमाने वाचता येतो. सत्तरच्या दशकात वस्तीत नळ, संडास, दिवे देण्यावर भर होता, ती सुधारणा. वस्ती पाडणे हे निर्मूलन. आणि १९९५ नंतर बिल्डरच्या हातून झोपडपट्टी पुनर्वसन योजना आली, तो पुनर्विकास. झोपडीधारकाला सुरुवातीला २२५ चौरस फुटांचे घर मोफत, आणि त्याच जमिनीवर बिल्डरला विक्रीचे मनोरे बांधायला मोकळीक. घर मिळते, हे मी नाकारत नाही. चार भिंती आणि घरात संडास याची किंमत वस्तीत वाढलेल्या बाईला विचारा, ती सांगेल. पण जमिनीची किंमत वाढली तेव्हाच वस्तीच्या सुधारणेची घाई का झाली, हेही विचारले पाहिजे. शब्दाचा पाचशे वर्षांपूर्वीचा अर्थ, म्हणजे नफा, इथे पुन्हा डोके वर काढतो.

‘तुमचे लोक आता सुधारले’

आता शब्दाच्या व्याकरणाकडे येऊ, कारण जात व्याकरणातही लपते.

‘इम्प्रूव्ह’ इंग्रजीत दोन प्रकारे चालतो. एक, कोणीतरी कशाला तरी सुधारतो. दोन, गोष्ट आपोआप सुधारते. मराठीतल्या ‘सुधारणे’चेही तसेच आहे. ‘त्याने रस्ता सुधारला’ आणि ‘त्याची तब्येत सुधारली’. दुसऱ्या वाक्यात कोणी केले ते सांगावे लागत नाही.

‘दलितांची परिस्थिती आता सुधारली आहे’ हे वाक्य आपण किती वेळा ऐकतो? वर्तमानपत्रात, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, आरक्षणावरच्या प्रत्येक वादात. यात कर्ता कुठे आहे? जणू पावसाळा संपून हवा सुधारावी तशी आमची परिस्थिती सुधारली. महाडच्या चवदार तळ्याचे उदाहरण घ्या. २० मार्च १९२७ ला लोकांनी पाणी घेतले आणि त्याबद्दल मार खाल्ला. डिसेंबरमध्ये पुन्हा जमले. त्यानंतर खटला चालला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ ला लागला. एका तळ्यासाठी दहा वर्षे. हे सगळे ‘परिस्थिती सुधारली’ या दोन शब्दांत गायब होते. कर्ता गाळला की संघर्षही गळतो आणि श्रेय काळाला किंवा कोणाच्या तरी मोठ्या मनाला जाते.

दुसरे वाक्य याहून वाईट आहे. ‘तुमचे लोक आता चांगले सुधारले बरं का!’ बोलणारा कौतुकाच्या सुरात बोलतो. चांगले कपडे पाहिले, स्वच्छ घर पाहिले, शुद्ध मराठी ऐकली की हे वाक्य येते. त्याचा अर्थ असा की आधी बिघाड तुमच्यात होता. अस्पृश्यता पाळणारा बिघडलेला नव्हता. ज्याच्यावर ती लादली तो बिघडलेला होता आणि आता दुरुस्त झाला. असे वाक्य आपण कधी गावच्या पाटलाबद्दल, पाणवठा अडवणाऱ्याबद्दल ऐकतो का? ‘तुमचे लोक आता सुधारले, विहिरीवर कोणाला अडवत नाहीत’ असे त्याला कोणी म्हणते का? खरे तर सुधारण्याची गरज तिथेच होती.

याच विचाराचे सर्वांत क्रूर रूप भटक्या-विमुक्तांनी भोगले. १८७१ च्या कायद्याने ब्रिटिशांनी अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. पुढे त्यांना ‘सुधारण्या’साठी सेटलमेंट काढल्या. सोलापूरची सेटलमेंट महाराष्ट्राला माहीत आहे. तारेच्या कुंपणाच्या आत माणसे, रोजची हजेरी, बाहेर जायला परवानगी, आणि गिरण्यांना हाताशी आलेले मजूर. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द होऊन ही माणसे विमुक्त झाली, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी. त्या कुंपणालाही सुधारणाच म्हणत होते, हे विसरू नका.

बाबासाहेबांनी मांडलेला फरक

१९३२ च्या पुणे करारानंतर अस्पृश्यता निवारणासाठी गांधीजींच्या प्रेरणेने एक अखिल भारतीय संस्था निघाली. तीच पुढे हरिजन सेवक संघ झाली. तिसऱ्या गोलमेज परिषदेला जाताना बाबासाहेबांनी १४ नोव्हेंबर १९३२ रोजी बोटीवरून संस्थेचे सरचिटणीस ठक्करबाप्पा यांना एक लांब पत्र लिहिले. आजच्या प्रत्येक कार्यकर्त्याने ते वाचावे.

पत्राचा गाभा असा आहे. दलितांसाठी काम करण्याच्या दोन पद्धती आहेत. एक पद्धत धरून चालते की माणूस दारिद्र्यात आहे त्याअर्थी दोष त्याच्या वागण्यात आहे. मग ती त्याला दारूबंदी, व्यायामशाळा, वाचनालय, शाळा देऊन सद्गुणी बनवू पाहते. दुसरी पद्धत म्हणते की माणसाचे नशीब त्याच्या भोवतालच्या परिस्थितीने ठरते. म्हणून परिस्थिती बदला. बाबासाहेबांनी सांगितले की दुसरी पद्धत बरोबर आहे. संस्थेने आपली ताकद काही थोड्या व्यक्तींना सुधारण्यात खर्च करू नये. विहिरी, शाळा, चावडी, सार्वजनिक वाहने इथे नागरी हक्क मिळवून देण्याची मोहीम गावोगावी उघडावी, नोकरीत समान संधी द्यावी, सामाजिक व्यवहार सुरू करावेत. त्यातून संघर्ष होईल हेही त्यांनी स्पष्ट लिहिले होते. या पत्राची पोचही मिळाली नाही, असे त्यांनी १९४५ च्या आपल्या काँग्रेस व गांधींवरच्या पुस्तकात नोंदवून ठेवले आहे.

इथे सगळा प्रश्न कर्माचा आहे, व्याकरणातल्या कर्माचा. ‘सुधारणे’ या क्रियापदाचे कर्म कोण? अस्पृश्य माणूस की अस्पृश्यता लादणारी व्यवस्था? एका बाजूने माणूस धरला, बाबासाहेबांनी व्यवस्था धरली.

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि न होऊ दिलेल्या भाषणात त्यांनी ‘सोशल रिफॉर्म’ या शब्दाचीही अशीच फोड केली. हिंदू कुटुंबाची सुधारणा वेगळी आणि हिंदू समाजाची पुनर्रचना वेगळी. विधवाविवाह, बालविवाह हे पहिल्या प्रकारातले प्रश्न, जातिभेद मोडणे दुसऱ्या प्रकारातले. सामाजिक परिषदेतले सुधारक मुख्यतः पहिल्या प्रकारात अडकले, कारण त्यांच्या स्वतःच्या घरात दुखत होते ते तेच. जात त्यांना दुखत नव्हती. म्हणून बाबासाहेबांनी आपल्या भाषणाला सुधारणेचे नाव दिले नाही, निर्मूलनाचे दिले. आणि आज आपण काय पाहतो? जातीच्या बाबतीत ‘हळूहळू सुधारणा होईल’ असे सांगितले जाते आणि वस्तीच्या बाबतीत ताबडतोब निर्मूलन होते. शब्दांची अदलाबदल कोणाच्या सोयीची आहे ते तुम्हीच ठरवा.

मग ‘स्वतःला सुधारा’ असे बाबासाहेबही म्हणाले ना?

हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि आपल्यातले लोकही तो घेतात. महाडला मार्च १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली जनावरे ओढणे, मृतमांस खाणे सोडा असे सांगितले. डिसेंबरमध्ये स्त्रियांना राहणी आणि पेहराव बदलायला सांगितले. १९५६ साली नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. मग हे ‘इम्प्रूव्ह’ नाही का?

आहे. पण नीट पाहिले तर दोन फरक दिसतात.

पहिला फरक. मेलेले जनावर ओढणे हे गावाने महारांवर लादलेले काम होते. ते सोडणे म्हणजे केवळ स्वच्छता नव्हती, तो गावगाड्याविरुद्धचा संप होता. म्हणूनच ठिकठिकाणी त्यावर बहिष्कार पडले. कोणी स्वतःला नुसते ‘सुधारले’ तर गाव त्याच्यावर बहिष्कार कशाला टाकेल? बाबासाहेब तेवढ्यावर थांबले नाहीत. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी महार वतनाबाबतचे विधेयक आणले. एकीकडे माणसाला काम सोडायला सांगितले आणि त्याच वेळी ते काम लादणाऱ्या कायद्याला हात घातला.

दुसरा फरक अधिक महत्त्वाचा आहे. सनातनी आणि सुधारक दोघेही म्हणत, आधी सुधारा मग हक्क मिळतील. बाबासाहेबांनी एकदाही असे म्हटले नाही. हक्क माणूस म्हणून आजच हवा. तळ्याचे पाणी पिण्यासाठी अंघोळ केलेली असण्याची अट नाही, शिकलेले असण्याची अट नाही. स्वतःला घडवणे ही स्वाभिमानाची गोष्ट आहे, परीक्षेची फी नाही. दीक्षा घेतली तीसुद्धा कोणाच्या नजरेत चांगले दिसण्यासाठी घेतली नाही. उलट ज्यांच्या नजरेत चांगले दिसायचे होते, त्यांची नजरच नाकारली.

संविधानातले शब्द

संविधान वाचताना आपण कलमांचे क्रमांक पाठ करतो, शब्द मात्र निसटतात. ‘इम्प्रूव्ह’ हा शब्द संविधानात कुठे कुठे येतो ते पाहिले तर एक मजेशीर गोष्ट दिसते.

कलम ४८ मध्ये शेती आणि पशुसंवर्धनाबद्दल सांगताना गुरांच्या जाती जतन करण्याचे, सुधारण्याचे निर्देश आहेत. तिथे कर्म आहे पशूंची जात, म्हणजे वाण. कलम ४७ मध्ये सार्वजनिक आरोग्याची सुधारणा आहे. १९७६ साली आलेल्या कलम ४८-क मध्ये पर्यावरण सुधारण्याची गोष्ट आहे. आणि कलम ३४० मध्ये, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गांसाठी आयोग नेमण्याच्या तरतुदीत, हा शब्द पुन्हा येतो. त्या वर्गांच्या अडचणी दूर करण्यासाठी आणि त्यांची स्थिती सुधारण्यासाठी काय उपाय करावेत, याची शिफारस आयोगाने करायची आहे. स्थिती सुधारायची आहे, लोक नव्हे. आणि त्याच्या आधी अडचणी दूर करायच्या आहेत.

वाण सुधारतात जनावरांचे आणि बियाण्यांचे. माणसांच्या बाबतीत सुधारायची ती परिस्थिती. आपल्या संविधानाने हा फरक पाळला आहे. तो समाजाने पाळला असता तर हा लेख लिहावा लागला नसता. ओबीसी बांधवांनीही हे कलम डोळ्यांपुढे ठेवावे. या कलमाखालचा आयोग अजून नेमला नाही, ही तक्रार बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपदाच्या राजीनाम्याच्या निवेदनात केली होती. पहिला आयोग १९५३ मध्ये कालेलकरांचा आला, दुसरा १९७९ मध्ये मंडलांचा, आणि त्याच्या अंमलबजावणीची घोषणा व्हायला १९९० उजाडले.

आणखी एक शब्द. ‘अमेंड’, म्हणजे दुरुस्ती. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ दोष काढून टाकणे. १९५१ साली चंपकम दोराईराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मद्रास सरकारची शैक्षणिक जागांची जातवार विभागणी रद्द केली. त्यावर उत्तर काय निघाले? मागास विद्यार्थ्यांनी आपली गुणवत्ता इम्प्रूव्ह करावी, असे नाही. संविधानातच पहिली दुरुस्ती झाली आणि कलम १५ ला चौथे उपकलम जोडले गेले. बाबासाहेब तेव्हा कायदामंत्री होते. कायदा आडवा येत असेल तर दुरुस्ती कायद्याची करायची, मुलाची नाही.

आजचा ‘इम्प्रूव्हमेंट प्लॅन’

आता आपल्या तरुणांच्या जगात येऊ. मागास प्रवर्गातून आलेल्या विद्यार्थ्यासाठी विद्यापीठांत रेमेडियल वर्ग असतात. वर्ग हवेतच. ज्याच्या घरात पहिल्यांदाच कोणी कॉलेजला आले त्याला शिकवणीचा आधार मिळाला पाहिजे. पण दिल्लीच्या एम्समधल्या भेदभावाची चौकशी करणाऱ्या थोरात समितीने २००७ मध्ये जे समोर आणले ते काय होते? वसतिगृहात वेगळे पडणे, शिक्षकांचे परीक्षेतले आणि वर्गातले वागणे. हा बिघाड कोणत्या रेमेडियल वर्गाने जाणार? विद्यार्थ्याला कौन्सेलिंग द्यायचे आणि प्राध्यापकांना काहीच द्यायचे नाही, म्हणजे पुन्हा तेच. क्रियापदाचे कर्म पुन्हा आपला मुलगा, आपली मुलगी. रोहित वेमुला २०१६ साली गेला, डॉ. पायल तडवी २०१९ साली गेली. यांच्यात काय इम्प्रूव्ह व्हायचे राहिले होते, याचे उत्तर कोणी देईल का?

खासगी कंपन्यांत काम करणारी आपली मुले ‘परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन’ चांगला ओळखतात. नाव सुधारणेचे, पण बऱ्याचदा तो कामावरून काढण्याआधीचा कागद असतो. कोणाचे काम खरेच कमी पडत असेल, ते मान्य. पण माप कोणाचे? ‘कम्युनिकेशन’, ‘कल्चर फिट’ असल्या मोघम शब्दांत किती वेळा उच्चार, आडनाव, शाळेचे माध्यम मोजले जाते? खासगी क्षेत्रात आरक्षण नाही, आणि मोघम शब्दाविरुद्ध दाद मागणे अवघड असते.

कार्यकर्त्याने काय करावे

शब्द टाकून द्या असे मी म्हणत नाही. इंग्रजी सुधारा, जरूर सुधारा. बाबासाहेबांनी इंग्रजीवर जी हुकमत मिळवली तिच्या जोरावर त्यांनी सत्ताधाऱ्यांना त्यांच्याच भाषेत उत्तरे दिली. अभ्यास वाढवा, तब्येत सांभाळा, व्यसन सोडा. पण हे आपल्यासाठी करा, प्रमाणपत्रासाठी नको.

आणि सार्वजनिक कामात जेव्हा जेव्हा ‘इम्प्रूव्हमेंट’, ‘सुधारणा’, ‘अपलिफ्टमेंट’, ‘विकास’ हे शब्द कानावर येतील, तेव्हा तीन गोष्टी कागदावर मागा.

एक, कर्ता कोण? निर्णय घेणाऱ्या समितीत वस्तीचे, वसतिगृहाचे, गावाचे लोक आहेत का, की ते फक्त लाभार्थी आहेत?

दोन, कर्म कोण? आमच्या मुलांना सुधारणार आहात की आमच्या शाळेची इमारत, शिक्षकांची भरती, वेळेवर शिष्यवृत्ती हे सुधारणार आहात?

तीन, फायदा कोणाचा? जमीन कोणाच्या नावावर राहणार, वाढलेली किंमत कोणाच्या खिशात जाणार?

ग्रामसभेत हे प्रश्न विचारा. एसआरएच्या बैठकीत संमतीचा कागद पुढे सरकवला जाईल तेव्हा सही करण्याआधी विचारा. कॉलेजच्या समान संधी कक्षाकडे अर्ज करताना लिहा. गायरानाची नोटीस आली तर उत्तरात हेही लिहा की ही जमीन पडीक होती आणि ती आमच्या आईवडिलांनी सुधारली. त्यांनी वहीत न लिहिलेला हिशेब आता आम्ही लिहीत आहोत. त्यासोबत पीकपाहणीचे उतारे, दंडाच्या पावत्या, जुन्या मतदारयाद्या जोडा. नुसत्या घोषणांनी सातबारा बदलत नाही.

आम्हाला सुधारायला येणारे पुष्कळ आले आणि अजूनही येतील. त्यांना बसायला सतरंजी द्या, चहा द्या, आणि मग शांतपणे विचारा : तुम्ही सुधारणार आहात ते नेमके काय?

जय भीम! जय संविधान!